पडद्याच्या अलीकडून : तोडून बोलणारे सर्जन, रात्रीची कॅज्युअल्टी आणि कुणी न ऐकलेली सिस्टर

डॉक्टरांना बोलायला, वागायला आणि टीम चालवायला शिकवता येतं का, असं गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. नावं आणि रुग्णालयं गाळलीत, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदललेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भूलतज्ज्ञ. उमेदीची सगळी वर्षं सांगली-मिरज पट्ट्यात, ओटीत पेशंटच्या डोक्याशी बसून गेली. हिरव्या पडद्यापलीकडे सर्जन काय करतो ते अर्धंमुर्धं दिसतं, पण काय बोलतो ते सगळं ऐकू येतं. निवृत्तीनंतर आता रुग्णालयं बोलावतात, तेव्हा मी डॉक्टरांशेजारी ओपीडीत बसते, राउंडला मागे फिरते आणि नंतर दार लावून त्या एका डॉक्टरशी बोलते. भाषण देत नाही.

बऱ्याच जणांनी पत्राच्या शेवटी ‘एखादं चांगलं पुस्तक सुचवा’ असं लिहिलंय. नाही सुचवत. पुस्तक वाचून आजवर कुणाला पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकता आलेली नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा जनरल सर्जन आहे. मेडिकल डायरेक्टरनी केबिनमध्ये बोलावून माझ्याविरुद्धच्या तक्रारींची फाइल समोर ठेवली. ऑपरेशनबद्दल एकही तक्रार नाही. ‘डॉक्टर तोडून बोलतात’, ‘प्रश्न विचारला की चिडतात’, ‘ओटीत सिस्टरच्या अंगावर हत्यार भिरकावलं’ (हे साफ खोटं आहे, हत्यार ट्रेमध्ये आपटलं होतं). आता म्हणे मला कोच लावणार. माझे रिझल्ट उत्तम आहेत. या वयात मला बोलायला कोण शिकवणार? — एक सर्जन, नाशिक

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रातला तो कंस मी दोनदा वाचला. आपटलं की भिरकावलं, हा फरक तुमच्या लेखी मोठा आहे. ट्रेला हात लावून उभ्या असलेल्या सिस्टरच्या लेखी तो फारसा नाही. त्यानंतरची अर्धी केस ती तुमच्या हाताकडे बघत नसते, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते. स्पंज मोजताना एक कमी भरला तर ते लगेच सांगायचं की आणखी एकदा मोजून बघायचं, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू होतो. पडद्याच्या अलीकडून मी हे इतक्यांदा पाहिलंय की त्याचं नवल वाटेनासं झालं.

रिझल्टचं म्हणाल तर एक प्रयोग सांगते. इस्राएलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ टीमना सरावासाठी आजारी बाळाची बनावट केस दिली होती. काही टीमशी बाहेरून आलेला ‘तज्ज्ञ’ सरळ बोलला. काहींना तो टाकून बोलला. शिवीगाळ नव्हे, तुमच्यासारख्यांचं काम बघून मी काही प्रभावित झालेलो नाही, अशा थाटाचं. टाकून बोलणं ऐकलेल्या टीमचं निदानही घसरलं आणि हातांचं कामही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली, मदत कमी मागितली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा तुमचे रिझल्ट उत्तम असतीलही, पण ते तुमच्या स्वभावामुळे नाहीत, स्वभाव असूनही आहेत.

आता कोचचं. अतुल गवांदे हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन युरॉलॉजिस्ट झाले. मुलगा बॉस्टनचा नावाजलेला सर्जन. स्वतंत्रपणे आठ वर्षं ऑपरेशनं केल्यावर त्याला वाटू लागलं की आपली प्रगती थांबलीय. म्हणून त्याने आपल्याच एका निवृत्त गुरूला, रॉबर्ट ऑस्टीन यांना, ओटीत उभं राहून बघायला बोलावलं. थायरॉइडचं ऑपरेशन उत्तम झालं, गवांदे खूश. ऑस्टीन यांच्या हातात मात्र टिपणांचा कागद. ते म्हणाले, ड्रेप, म्हणजे पेशंटवर पसरलेलं कापड, तुम्हाला सोयीचा होता पण समोरच्या असिस्टंटची अडचण करत होता. कोपर अधूनमधून खांद्यापर्यंत वर जात होतं. आणि दिवा सरकून प्रकाश जखमेबाहेर पडत होता, तो तुमच्या लक्षातही आला नाही. गवांदेने हे सगळं २०११ मध्ये स्वतःच लिहून छापलं. कोच असतो तो असा. तुम्हाला सर्जरी शिकवायला तो येत नाही, तुमचा दिवा कुठे सरकलाय ते सांगायला येतो.

बोलण्यातही असंच असतं. अमेरिकेत सर्जन आणि पेशंट यांच्या संभाषणाच्या ध्वनिफितींतून दहा-दहा सेकंदांचे तुकडे काढले आणि शब्द कळणार नाहीत, फक्त स्वर ऐकू येईल, असे गाळले. ऐकणाऱ्यांनी ज्यांच्या स्वरात वर्चस्व जास्त आणि काळजी कमी असं सांगितलं, त्या सर्जनांवर पूर्वी दावे झालेले असण्याची शक्यता जास्त निघाली. २००२ चा अभ्यास आहे. स्वतःचा स्वर स्वतःला ऐकू येत नाही, ही यातली खरी अडचण. तुमच्या घरच्यांना विचारा, ते सांगतील. (किंवा सांगणार नाहीत, तेही उत्तरच.)

मात्र होकार देण्याआधी डायरेक्टरना एक गोष्ट लेखी विचारा. कोचला जे दिसेल ते त्यांच्या टेबलावर जाणार का? जाणार असेल तर ते कोचिंग नाही, चौकशी आहे; मग वकिलाला घेऊन बसा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने यासाठी एक उतरंड बसवलीय. पहिल्यांदा घडलं की बरोबरीचा एखादा डॉक्टर कपभर कॉफीवर कानावर घालतो, कागदावर काही नाही. तेच पुन्हापुन्हा दिसू लागलं तर आकडे समोर ठेवून बोलतात. तरीही फरक नाही तर वरिष्ठ येऊन अटी घालतात आणि अगदी शेवटी शिस्तीची कारवाई. आपल्याकडे पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट फाइल निघते. तुमच्या बाबतीत ती कॉफी कुणीच पाजली नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं ओटी करणाऱ्या भूलतज्ज्ञाचंच ते काम होतं.

कोच आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वभाव बदलायला जाऊ नका, जमणार नाही. एकच करा. केस सुरू होण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाचं नाव घ्या आणि म्हणा, ‘काही वेगळं दिसलं तर मला थांबवा.’ मग कुणीतरी खरंच थांबवेल. त्या क्षणी तुमच्या तोंडून काय निघतं, ते कोचला टिपू द्या.

प्रश्न : मी सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे, मेडिसिनला. रात्री कॅज्युअल्टीत पेशंट दगावला की नातेवाइकांना सांगायला मलाच पाठवतात. बाहेर पंधरा-वीस माणसं असतात. मागच्या वेळी एकाने ॲप्रनची कॉलर धरली. तेव्हापासून ‘डेथ डिक्लेअर’ म्हटलं की माझे पाय लटपटतात. एखादं वाक्य आहे का, जे बोलल्यावर लोक चिडत नाहीत? — निवासी डॉक्टर, मराठवाडा

उत्तर : असं वाक्य नाही गं. पण क्रम आहे, आणि तो तुला कुणी शिकवला नसेल तर त्यात तुझा दोष नाही. २०१९ पासूनच्या बॅचना एमबीबीएसला ‘एटकॉम’ लावलं, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद. बऱ्याच ठिकाणी ते लॉगबुकात सह्या करण्यापुरतं उरलं, हे मला विद्यार्थीच सांगतात.

बाहेर जाण्याआधी तीन गोष्टी. केस पेपरवरचं नाव पुन्हा वाच, पेशंटचं पूर्ण नाव तोंडात हवं. ॲप्रनवर रक्त असेल तर ॲप्रन बदल. फोन मैत्रिणीकडे दे. मग एकटी जाऊ नको. सिस्टर, ब्रदर, रजिस्ट्रार (म्हणजे तुझ्या वरचा निवासी डॉक्टर), कुणीही एक सोबत, आणि सिक्युरिटीला आधी सांगून ठेव.

दारात उभं राहून वीस जणांना उद्देशून बोलायचं नाही. ‘यांच्या अगदी जवळचं कोण आहे?’ असं विचारून दोघा-तिघांना आत घे. ईसीजीची खोली, ड्रेसिंग रूम, काहीही चालेल. त्यांना बसव आणि तूही बस. दाराजवळची खुर्ची तुझी.

बसल्यावर आधी विचार, ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे तोच गाळतात. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातून निघताना त्यांना कुणीतरी ‘काही नाही, फक्त ऑक्सिजनची सोय नाही म्हणून पाठवतोय’ असं सांगितलेलं असतं. त्यांच्या लेखी माणूस बरा होता आणि तुमच्याकडे आल्यावर तासाभरात गेला. हे तुला माहीत नसेल तर तू ‘आणलं तेव्हाच खूप सिरियस होते’ म्हणशील आणि तिथेच ठिणगी पडेल. माहीत असेल तर तू तिथून सुरुवात करशील. ‘तिथे तुम्हाला ऑक्सिजनचं सांगितलं. इथे तपासलं तेव्हा बीपी लागत नव्हतं, हृदयाचे ठोके अनियमित होते.’

मग म्हणायचं, ‘बातमी चांगली नाही.’ आणि एक श्वास थांबायचं. मग सरळ सांगायचं, ‘तुमचे वडील वारले.’ ‘पेशंट गेला’ म्हणू नको. भांबावलेल्या माणसाने ‘कुठे गेला?’ असं विचारलेलं मी ऐकलंय. ‘कोलॅप्स झाले’, ‘रिव्हाइव्ह झाले नाहीत’ हे तर मुळीच नको.

त्यानंतर गप्प बस. हे सगळ्यात अवघड जातं. डॉक्टरला शांतता सहन होत नाही, तो लगेच ट्रोपोनिन आणि क्रिएटिनिन सांगायला लागतो. कुणी ऐकत नसतं. कुणी रडेल, कुणी भिंतीवर हात मारेल. पाणी दे. ‘आधी आणायला हवं होतं’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्या रात्री तोंडातून काढू नको. ते पोरगं जन्मभर ते वाक्य घेऊन फिरेल.

रडणं थोडं ओसरलं की पुढचं सगळं स्वतःहून सांग. पोस्टमॉर्टेम लागणार का, पोलीस पंचनामा कधी होईल, कोणता कागद कुणाकडे मिळेल, घरी न्यायला साधारण किती वेळ. राग मृत्यूच्या बातमीवर जितका येतो तितकाच पहाटे पाच वाजता ‘साहेब आल्यावर बघू’ या उत्तरावर येतो. आणि त्यांच्यासमोर ‘बॉडी’ म्हणू नको, नाव घे.

हा क्रम मी शोधलेला नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. जागा, त्यांना काय ठाऊक आहे, त्यांना किती ऐकायचंय, मग माहिती, मग भावना, मग पुढचं. ती शांत ओपीडीसाठी होती. मी ती आपल्या कॅज्युअल्टीला लावलीय, इतकंच. मैत्रिणीला नातेवाईक करून खोलीत चार-पाच वेळा मोठ्याने सराव कर. हसू येईल. तरी कर. खऱ्या वेळी जीभ सापडते.

आता भीतीचं. आवाज चढला, माणसं दारात दाटली, की संवाद संपला. उठ आणि निघून ये. तिथे थांबणं हे धैर्य नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. तो होताच, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सिव्हिलमध्ये एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. कायदा नंतर उपयोगी पडतो.

शेवटचं तुझ्यासाठी नाही, तुझ्या विभागप्रमुखांसाठी आहे. हे पान त्यांच्या टेबलावर ठेव. पहिल्या वर्षाच्या मुलीला मध्यरात्री एकटीला मृत्यू सांगायला पाठवणं ही ‘एक्स्पोजर’ची संधी नाही. किमान रजिस्ट्रार सोबत असल्याशिवाय मृत्यूची बातमी द्यायची नाही, असा एका ओळीचा नियम विभागात लावता येतो. खर्च शून्य.

प्रश्न : मी वॉर्ड इनचार्ज सिस्टर आहे, नोकरीला वीसच्या वर वर्षं झाली. पेशंट बिघडतोय हे आम्हाला आधी कळतं. पण फोन केला की डॉक्टर म्हणतात, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ मग आम्हीही सोडून देतो. यात आमचं कुठे चुकतं? — सिस्टर, कोकण

उत्तर : सिस्टर, ‘सोडून देतो’ इथेच माणसं मरतात, म्हणून जरा लांबचं सांगते.

मार्च २००५, इंग्लंड. एलेन ब्रॉमिली या तरुण आईचं सायनसचं साधं, ठरवून केलेलं ऑपरेशन. भूल दिल्यावर श्वासमार्ग उघडा राहीना. ट्यूब जाईना, मास्कने हवाही जाईना. अशा वेळी गळ्यातून वाट करायची, हे आम्हा भूलतज्ज्ञांना पाठ असतं. तिथे अनुभवी डॉक्टर हजर होते, पण ते ट्यूबमध्येच अडकले. एका सिस्टरने ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून ती वाट करायचा, सेट आणून ठेवला. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, आणि डॉक्टरांच्या नजरा पाहून तो रद्दही केला. काय करायला हवं ते सिस्टरना कळत होतं, ऐकलं जाईल असं सांगायचं कसं ते कळत नव्हतं. एलेन तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. विमानात सहवैमानिकाने कॅप्टनला कसं टोकायचं याचं रीतसर प्रशिक्षण असतं, मग ओटीत का नाही, हे तो तेव्हापासून विचारत आला आणि २००७ मध्ये त्याने त्यासाठी एक गटही उभा केला.

त्यामुळे दोष एकट्या तुमचा नाही आणि एकट्या डॉक्टरचाही नाही. पण फोन कसा करायचा ते तुमच्या हातात आहे. मी वॉर्डात ऐकलेले फोन बहुधा असे असतात : ‘सर, आठ नंबरची पेशंट बरी वाटत नाहीये.’ झोपेतल्या डॉक्टरला यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं :

‘सर, पोस्टनेटल वॉर्डातून इनचार्ज बोलतेय. बेड आठ, आज दुपारी सिझेरियन झालेली. पल्स १३०, बीपी ८० बाय ५०, पोट ताठ लागतंय, दोन तासांत युरिन दहा एमएल. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत रक्त मागवून ठेवू का?’

आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली ही पद्धत, ‘एसबार’ म्हणतात. तिसऱ्या भागाशी आपल्या सिस्टर अडखळतात, कारण ‘मला वाटतं’ म्हणायचा हक्कच नाही असं त्यांच्यावर बिंबवलेलं असतं. आहे तो हक्क. समोरून ‘तुम्ही डॉक्टर आहात का’ आलं तर आवाज न चढवता म्हणा, ‘नाही सर, म्हणूनच तुम्हाला बोलावतेय. फोनची वेळ नोट्समध्ये लिहिते.’ बहुतेक वेळा पायात चपला सरकवल्याचा आवाज फोनवरच येतो. नाहीच आले तर वरच्या डॉक्टरना फोन करायचा. त्याला चुगली म्हणत नाहीत, हे तुमच्या रुग्णालयाने लेखी द्यायला हवं.

ओटीतल्या सिस्टरसाठी एक जोड. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जरी चेकलिस्ट तुमच्या भिंतीवर असेल. २००९ मध्ये दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचे निकाल आले : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. तिच्यात छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आपल्याकडे नेमक्या त्याच रकान्यात न बोलता टिक होते. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलेल्या माणसाला पुढे ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, त्यासाठी आहे ते.

प्रश्न : आमच्या ट्रस्ट रुग्णालयात सर्व डॉक्टरांसाठी संवादकौशल्य व नेतृत्व यावर एकदिवसीय कार्यशाळा घ्यायची आहे. नाश्ता, जेवण, प्रमाणपत्र यांची सोय आहे. आपण याल का? — प्रशासकीय अधिकारी, पुणे

उत्तर : साहेब, नाही. जेवण चांगलं असेल याची खात्री आहे. पण ज्यांना गरज असते ते त्या दिवशी नेमके इमर्जन्सीत असतात, आणि पहिल्या रांगेत बसतात ते ज्यांना आधीच बोलता येतं. तेवढ्याच पैशात चार विभागप्रमुख निवडा, तुम्हाला ज्यांची भीती वाटते तेच. मी प्रत्येकाबरोबर एक सकाळ फिरेन, महिन्याने पुन्हा येईन. प्रमाणपत्र नको. आणि पहिलं नाव मेडिकल डायरेक्टरचं घाला, म्हणजे बाकीचे कुरकुरणार नाहीत.

प्रश्न : आमचे सर राउंडला फाइल फेकून मारत. त्या धाकानेच आम्ही शिकलो आणि आज चांगले डॉक्टर आहोत. आताच्या मुलांना दोन शब्द बोललं की ती ‘टॉक्सिक’ म्हणतात, मार्डकडे, निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडे, जातात. शिस्त लावायची तरी कशी? — विभागप्रमुख, वैद्यकीय महाविद्यालय, विदर्भ

उत्तर : सर, फाइल खाऊन चांगले डॉक्टर झालेले तुम्ही मला पत्र लिहिताय. जे सीट सोडून गावी गेले किंवा ज्यांनी स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं, त्यांचं पत्र येत नाही. त्यामुळे ‘आम्ही शिकलोच की’ हा पुरावा मी धरत नाही. तुम्ही त्या सरांकडून शिकलात ते सर सकाळी सात वाजता वॉर्डात हजर असत म्हणून, असा माझा अंदाज आहे. ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.

शिस्त हवीच. निवासी डॉक्टरने पोटॅशियमचा रिपोर्ट बघितला नाही तर तो बोलून घेण्याचाच विषय आहे. प्रश्न कुठे आणि कसं, एवढाच. पेशंटच्या पायाशी, नातेवाइकांदेखत ‘तुला कुणी पास केलं?’ म्हटलंत की तिघांचं नुकसान. मुलगा पुढच्या वेळी रिपोर्ट बघेल असं नाही, न बघितलेला रिपोर्ट ‘बघितला’ म्हणून सांगेल. पेशंटचा विश्वास उडेल. आणि दुपारी त्याच पेशंटला इंजेक्शन द्यायला जाईल तो तोच मुलगा. राउंड संपल्यावर बाजूला घेऊन विचारा, ‘पोटॅशियम साडेसहा होतं. रात्री काय चाललं होतं तुझ्याकडे?’ कधी आळस निघेल, त्याचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. कधी कळेल की तो सलग तीस तास उभा होता. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, असे निर्देश केंद्राने १९९२ मध्ये दिलेत. तुमचं रोस्टर काढून एकदा बेरीज करा. बेरीज केल्यावर त्या मुलाला काय बोलायचं ते वेगळंच सुचतं.

माझ्या मते नेतृत्व या शब्दाखाली जे खपवलं जातं त्यातलं निम्मं रोस्टरमध्ये असतं. लग्नासाठी सुटी कुणाला मिळते, दिवाळीची ड्यूटी दरवर्षी कुणाच्या गळ्यात, जेवायला रजिस्ट्रार आधी की हाउसमन, म्हणजे सगळ्यात ज्युनिअर, आधी. मुलं यावरून तुम्हाला जोखतात.

आणि एक, कोचिंग तुम्ही स्वतः घ्यावं असं सुचवते, मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या ८८ डॉक्टरांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये छापली गेली. अर्ध्यांना पाच महिन्यांत मिळून साडेतीन तास फोनवर कोच दिला. त्यांचा भावनिक थकवा उतरला. ज्यांना दिला नाही त्यांचा वाढला. पेशंटविषयी येणारा कोरडेपणा मात्र त्याने विशेष हलला नाही, हेही त्याच निबंधात आहे. जादू नाही. पण तुमचं पत्र मला रागाचं वाटलं नाही, दमलेल्या माणसाचं वाटलं.

प्रश्न : आईला मधुमेहाच्या तज्ज्ञांकडे दाखवतो. ते कॉम्प्युटरवरून मान वर करत नाहीत. आई बोलायला लागली की ‘ते असू दे, शुगर सांगा’ म्हणतात. डॉक्टर बदलावा का? — वाचक, ठाणे

उत्तर : ताई, ते एकटे नाहीत. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांनी पेशंटला सरासरी १८ व्या सेकंदाला तोडलेलं आढळलं. त्यांना भीती असते की बोलू दिलं तर ओपीडी संपायची नाही. स्वित्झर्लंडमध्ये ही भीती घड्याळ लावून तपासली : मध्ये न बोलता ऐकलं तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले, दर दहातले जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत. २००२ साली हे छापून आलंय. पान फाडून त्यांच्या रिसेप्शनवर ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

औषधं लागू पडत असतील तर लगेच डॉक्टर बदलू नका. पुढच्या वेळी आईचे तीन मुद्दे कागदावर लिहून न्या आणि बसल्या बसल्या सांगा, ‘डॉक्टर, आज तीन गोष्टी विचारायच्यात, शुगर त्यातली दुसरी.’ पायाला मुंग्या येतात हे पहिलं ठेवा, कारण दारातून निघताना सांगायच्या गोष्टी बहुधा तपासायच्या राहून जातात. दोन व्हिजिटमध्ये फरक पडला नाही तर खुशाल बदला. जाताना जुने रिपोर्ट मागून घ्या. रुग्णालयात दाखल होती तेव्हाच्या नोंदी तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.